शीड, बैल आणि पाण्यातलं ऊन : सोरोयाचं 'मासेमारीहून परत' (1894)

रंगपेटी

मंडळी, या चित्राबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं, आज बसलेच शेवटी.

चित्राचं मूळ नाव 'ला वुएल्ता दे ला पेस्का', म्हणजे मासेमारी करून परत येणं. चित्रकार होआकिन सोरोया, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा. साल 1894, तैलरंग, कॅनव्हास. रुंदी चार मीटर आणि उंची दोन मीटर पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे समोर उभं राहिलं की चित्रातले बैल जवळजवळ खऱ्या बैलांएवढे वाटतात. आता ते पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. पॅरिसला गेले तेव्हा दुसरीच चित्रं बघायची यादी खिशात होती आणि या भिंतीसमोर आल्यावर ती यादी खिशातच राहिली.

चित्रात घडतंय ते एवढंच, की समुद्रातून होडी किनाऱ्याला आलीय आणि बैलांची जोडी पाण्यात उतरून तिला वाळूवर ओढून घेतेय. होडीचं शीड अजून वाऱ्याने टम्म फुगलेलंच आहे. बैलांना वळवणारा माणूस त्यांच्याबरोबर पाण्यात, होडीवरची माणसं आपापल्या कामात, एकही जण आपल्याकडे बघत नाहीये. आणि सगळ्यावर ऊन. इतकं ऊन की मी अंधाऱ्या दालनात उभी होते तरी डोळे बारीक झाले.

पहिली पाच मिनिटं मला ते नुसतं 'सुंदर' वाटलं. मग हळूहळू वजन दिसायला लागलं. होडी जड आहे, भिजलेली आहे, बैलांची मान जोखडाखाली पुढे ताणलीय, पाणी त्यांच्या पायांना मागे खेचतंय. हे सगळं वजन त्याने रेषेने दाखवलं नाहीये, उन्हाने दाखवलंय. बैलाच्या ओल्या कातडीवर ऊन कुठे चमकतं आणि कुठे तुटतं त्यावरून आत स्नायू कुठे ताणलाय ते कळतं. मला या चित्राबद्दल मुख्य म्हणायचंय ते हेच. सोरोयाला सगळे 'प्रकाशाचा चित्रकार' म्हणतात आणि ते बरोबरच आहे पण लोक ते असं म्हणतात जणू प्रकाश म्हणजे वरून शिंपडलेलं काहीतरी आहे. इथे प्रकाश नसता तर आपल्याला ते कष्टच दिसले नसते.

तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? दर्याची माहिती असणाऱ्यांनी तर नक्की लिहा, मला होडीतलं काही कळत नाही.

खारावारा

ताई, चित्र आत्ताच मोठं करून बघितलं. आमचं घर होड्यांचंच, वडील चाळीसेक वर्षं दर्यावर होते म्हणून दोन गोष्टी लगेच डोळ्यात भरल्या.

एक म्हणजे शीड. किनाऱ्याला लागताना शीड आधी उतरवतात असंच मी लहानपणापासून ऐकलंय, इथे मात्र तसंच फुगलेलं ठेवलंय. पण विचार केला तर बरोबर वाटतं, वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असेल तर तो होडीला मागून ढकलतोच आहे, मग बैलांचं तेवढं ओझं कमी होतं, ते कशाला उतरवतील? म्हणजे वारा आणि बैल दोघं मिळून होडी वर काढतायत. हे चित्रकाराने नुसतं शोभेला ठेवलेलं वाटत नाही, किनाऱ्यावर उभं राहून बघितलेलं वाटतं.

दुसरं मला कोडं पडलंय. बैल कशाला? आमच्या बाजूला भरती धरून होडी खाडीत घेतात, पाणी उतरलं की ती आपोआप कोरड्यात बसते, पुन्हा भरती आली की तरंगते. यांनी भरतीची वाट का नाही बघितली? रोज एवढ्या जड होड्या ओढायच्या म्हणजे केवढं काम.

माहितीवेडा

खारावारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि मस्त आहे: तिथे भरतीच नाही. म्हणजे असते पण नावाला. व्हॅलेन्सिया भूमध्य समुद्रावर आहे आणि तो समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडाने महासागराला जोडलेला, त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीचा फरक फूटभरसुद्धा भरत नाही. आपल्याकडे कोकणात पाणी दोन-तीन मीटर सहज वरखाली होतं, त्या हिशेबाने तिथलं पाणी जागचं हलतच नाही. त्यात तो किनारा सपाट, वाळूचा, आडोसा नाही. शेजारी बंदर होतं पण ते व्यापारी जहाजांचं. मासेमारीच्या होड्या उघड्या पुळणीवरच ठेवायच्या, नाहीतर पहिल्याच वादळात फुटायच्या. म्हणून रोज बैल लावून वर काढायच्या आणि बैल लावूनच पाण्यात ढकलायच्या.

त्या वस्तीचं नाव एल काबान्याल, व्हॅलेन्सिया शहराच्या पूर्वेला समुद्राला लागून. पूर्वी ते वेगळं गाव होतं, 1897 मध्ये शहरात घेतलं गेलं, म्हणजे हे चित्र काढलं तेव्हा अजून वेगळंच होतं. तिथली एक मासेमारीची पद्धत होती तिचं नाव 'बोउ'. दोन होड्या शेजारी शेजारी शिडावर चालतात आणि दोघींच्या मध्ये एकच जाळं तळातून ओढत नेतात. व्हॅलेन्सियाच्या भाषेत 'बोउ' म्हणजे बैल! आता हे नाव होड्या बैलजोडीसारख्या जोडीने ओढतात म्हणून पडलं की किनाऱ्यावर खरे बैल लागतात म्हणून, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मला स्वतःला पहिलं कारण जास्त पटतं, नांगराला जुंपलेली जोडी बघितलेल्या माणसाला त्या दोन होड्या बघून दुसरं काही आठवणारच नाही.

शीड तिरकं, त्रिकोणी आहे, त्याला लॅटिन शीड म्हणतात. आडवं लाकूड डोलकाठीवर तिरकं बांधलेलं असतं.

खारावारा

त्या आडव्या लाकडाला आमच्यात परबाण म्हणतात. आता चित्र पुन्हा बघताना आणखी आपलं वाटायला लागलं. भरतीचं डोक्यातच आलं नव्हतं, समुद्र म्हणजे भरती हे इतकं गृहीत असतं. धन्यवाद!

तैलगंध

वीस वर्षं तैलरंगात काम करतोय आणि या माणसाच्या पांढऱ्या रंगापुढे अजून हात टेकतो. लिहिल्याशिवाय राहवत नाहीये म्हणून थोडं लांबेल.

सोरोयाचं पांढरं शीड बघा. आता त्यातला एखादा चौकोन बाकी सगळं झाकून बघा, तिथे पांढरं जवळपास नाहीच. ऊन ज्या भागावर सरळ पडतं तिथे ते लोण्यासारखं पिवळट, कापड वळतं तिथे गुलाबीकडे झुकतं, सावलीत निळं-जांभळं आणि खाली पाण्याजवळ पाण्याचंच परतलेलं ऊन त्यात मिसळतं म्हणून ती सावली पुन्हा उबदार होते. शिकणारी मुलं नेहमी सावलीत काळा घालतात आणि शीड मळकट दिसायला लागतं, फडक्यासारखं. सोरोया सावलीतही रंगच घालतो, उजेड कमी करतो पण रंग कमी करत नाही. पुढे पुढे तर त्याच्या पॅलेटवर कोबाल्ट व्हायोलेट ठरलेलाच, आणि कॅडमियम पिवळे. हे रंग ट्यूबमध्ये तयार मिळायला लागले होते म्हणून तो हे करू शकला हेही लक्षात ठेवायला हवं, त्याच्या आधीच्या पिढ्यांकडे एवढे चटक जांभळे नव्हतेच.

दुसरं, हात. तो ओल्यावर ओलं काम करतो, खालचा थर वाळायची वाट न बघता. यात एक मोठी अडचण अशी की दोनदा घासलं की रंग मेला, चिखल झाला. म्हणून फटका एकदाच मारायचा आणि ब्रश उचलायचा. चार मीटरच्या कॅनव्हासवर हे करायचं म्हणजे आधी हजार वेळा छोटं करून झालेलं हवं. आणि ते त्याने केलंच होतं. तळहाताएवढ्या, वहीएवढ्या फळकुटांवर आणि पुठ्ठ्यांवर त्याने किनाऱ्यावर बसून रंगांच्या नोंदी केल्यात, ढिगाने. एखादीत नुसती लाट, एखादीत बैलाची पाठ आणि त्यावरचा एक चमकता ठिपका. त्या छोट्या नोंदी मला मोठ्या चित्रांपेक्षाही कधी कधी जास्त आवडतात, दहा मिनिटांत समुद्र पकडलेला असतो. मोठी चित्रं करतानाही तो पुळणीवरच कॅनव्हास उभा करायचा, वाऱ्याने उडू नये म्हणून बांधून, आडोशाला कापड लावून, असे त्याचे फोटो आहेत.

मी या चित्रातल्या फक्त शिडाची नक्कल करून बघितली, दोन फुटाच्या बोर्डवर. पाच वेळा खरवडली. सहाव्यांदा जमलं ते चूक सापडली म्हणून: मी उजेडाचा भाग पांढरा करत होतो आणि सावली नंतर जमवत होतो. उलटं करायला हवं. आधी सगळं शीड जांभळट सावलीत भरायचं आणि मग त्यावर ऊन ठेवायचं, जाड, चमच्याने ठेवल्यासारखं.

प्रश्नचिन्ह

सगळे कौतुक करतायत, मला थोडं टोचतंय ते सांगतो. रागावू नका.

ही माणसं गरीब होती. होडी दुसऱ्याची, जाळं दुसऱ्याचं, वादळात गेला तर मागे बायकापोरं उघड्यावर. आणि हे चित्र गेलं कुठे, तर पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, शहरातल्या श्रीमंत लोकांसमोर. त्यांना बघायला मिळालं छान ऊन, छान शीड, छान बैल. कोळ्याचं जगणं म्हणजे दिवाणखान्यात लावायची शोभा झाली ना? रंगपेटी म्हणतायत प्रकाशामुळे कष्ट दिसतात. मला वाटतं प्रकाशामुळे ते गोड दिसतात. तैलरंगात मासेमारी रंगवणारे युरोपात त्या काळात बरेच होते आणि बहुतेकांचं गिऱ्हाईक एकच होतं.

रंगपेटी

प्रश्नचिन्ह, रागावण्यासारखं काहीच नाही, हा प्रश्न मलाही दालनातून बाहेर पडल्यावर पडला होता. पण मग त्याच वर्षीचं दुसरं चित्र बघा, 1894 चंच. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. नाव 'आऊन दीसेन के एल पेस्कादो एस कारो', मराठीत सांगायचं तर 'आणि तरी म्हणतात मासे महाग!'

त्यात ऊन नाहीच. होडीच्या पोटातला अंधार. एक पोरगा, अगदी तरुण, उघड्या अंगाने आडवा पडलाय, कामात जखमी झालेला. दोन म्हातारे खलाशी त्याच्यावर वाकलेत, एकाने त्याला खांद्याशी धरलंय, दुसरा जखमेवर कापड दाबतोय. पोराच्या गळ्यात देवाचं पदक आहे, दर्यावर जाताना राखण म्हणून घालतात तसं. आणि मागे, कोपऱ्यात, त्या दिवशी पकडलेले मासे.

याच चित्राला 1895 च्या माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात पहिल्या दर्जाचं पदक मिळालं. आणि त्याच 1895 साली आपलं बैलांचं चित्र पॅरिसच्या सलोंमध्ये होतं, फ्रेंच सरकारने ते तिथूनच विकत घेतलं, पॅरिसमधल्याच लक्झेंबर्ग संग्रहालयासाठी. म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे, पॅरिसच्या लोकांनी उन्हाचं चित्र घेतलं. पण माणूस तर एकच होता, किनारा तोच, वर्ष तेच. एका चित्रात होडी परत आलीय आणि दुसऱ्यात परत येताना काय होऊ शकतं ते आहे. मी आता ही दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय बघूच शकत नाही, आणि शेजारी ठेवली की उन्हातली माणसं मला गोड वाटत नाहीत. त्या दिवशी सगळे धड परत आलेत एवढंच वाटतं.

माहितीवेडा

त्या नावामागे एक गोष्ट आहे ती सांगतो. व्हॅलेन्सियाचाच कादंबरीकार विसेंते ब्लास्को इबान्येझ सोरोयाचा मित्र, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. दोघंही त्या काळात याच काबान्यालच्या किनाऱ्यावर फिरत होते, एक वही घेऊन आणि एक रंग घेऊन. त्याची 'फ्लोर दे मायो' ही कादंबरी 1895 ची, या कोळ्यांवरचीच, आणि तिचा शेवट वादळानंतर किनाऱ्यावर एका म्हातारीच्या आक्रोशाने होतो: बाजारात मासळीच्या भावावरून घासाघीस करणाऱ्यांनी आता इथे येऊन बघावं, आणि तरी म्हणतात मासे महाग. चित्राचं नाव आणि कादंबरीचा शेवट असे एकमेकांना जोडलेले आहेत.

काळीजभर

सोरोया कोळ्याचा मुलगा नव्हता पण आयुष्य सुखाचंही नव्हतं, हे इथे आलं नाही म्हणून लिहिते. जन्म 27 फेब्रुवारी 1863. दोन वर्षांचा असताना 1865 च्या कॉलऱ्यात आई आणि वडील दोघंही गेले. तो आणि धाकटी बहीण कोंचा मावशीकडे वाढले. मावशीचे यजमान कुलपं बनवायचे, लोहारकामाचंच दुकान. पोराला तेच शिकवायचा प्रयत्न झाला पण तो चित्रंच काढत बसायचा, शेवटी संध्याकाळच्या कारागीर शाळेत चित्रकलेला घातलं.

नंतर तो आंतोनियो गार्सिया नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत काम करायला लागला आणि मला वाटतं याचा परिणाम लोक कमी धरतात. त्या काळी फोटोग्राफरचं निम्मं काम म्हणजे उजेड कुठून घ्यायचा, पडदा किती ओढायचा, चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला सावली येऊ द्यायची. वयाच्या विशीच्या आत रोज हेच बघणाऱ्या पोराचा डोळा कसा तयार होईल! आणि चित्राच्या कडा बघा त्याच्या, होडी अर्धी कापलेली, माणूस काठावर तुटलेला, जणू कोणी पटकन फोटो घेतलाय. त्याच फोटोग्राफरची मुलगी क्लोतिल्दे, तिच्याशी 1888 मध्ये लग्न. घरापासून लांब असला की तो तिला पत्रं लिहायचा, शेकड्यांनी पत्रं जपून ठेवलेली आहेत. हिशेब, चौकशा, आज काम कसं झालं, ऊन होतं की ढग. ढग आले की चिडायचा.

उत्तरकाठ

थोडं वेगळं. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं 'द फॉग वॉर्निंग' बघितलंय का कोणी? 1885, बॉस्टनच्या संग्रहालयात. छोट्या होडीत एकटा माणूस, मागे दोन मोठे हॅलिबट मासे, आणि दूरवर धुक्याची भिंत त्याच्या आणि जहाजाच्या मध्ये येतेय. तो वळून बघतोय की पोचणार का आपण. होमर त्याआधी 1881-82 मध्ये इंग्लंडच्या कलरकोट्स गावात कोळ्यांमध्ये राहून आला होता आणि तिथून त्याचा समुद्र बदलला.

सोरोयाच्या शेजारी ते ठेवलं की एक फरक फार ठळक दिसतो. होमरचा माणूस एकटा आहे, सोरोयाच्या किनाऱ्यावर सहसा कोणी एकटं नाही, बैल, पोरं, बायका, दोर ओढणारे दहा हात. काम म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट. प्रश्नचिन्ह, तुमच्या शंकेवर माझं उत्तर हे असेल.

प्रश्नचिन्ह

प्रादोतलं चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या चित्रापुढे माझी तक्रार टिकत नाही हे मान्य. पण पुढची चित्रं? मी शोधलं तर नंतर सगळीकडे पांढऱ्या कपड्यातल्या बायका छत्र्या घेऊन फिरतायत आणि पोरं पाण्यात खेळतायत. कोळी कुठे गेले?

रंगपेटी

हा मुद्दा मात्र खरा आहे. 1899 मध्ये त्याने 'त्रिस्ते एरेन्सिया', दुःखद वारसा, असं मोठं चित्र केलं. याच किनाऱ्यावर अनाथ, अपंग मुलांना एक धर्मगुरू समुद्रात आंघोळीला घेऊन आलाय, कुबड्या, वाळलेले पाय, आणि पुढे तोच चमकता समुद्र. त्याला 1900 च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आणि त्यानंतर त्याने असे दुःखाचे विषय जवळजवळ सोडलेच. छत्र्या आल्या त्या नंतर, 1909 चं किनाऱ्यावरच्या फेरफटक्याचं चित्र आहे त्यात क्लोतिल्दे आणि मोठी मुलगी मारिया आहे. ते चित्र मला आवडतं पण त्यात मी उभी राहत नाही, पुढे जाते.

कोळी मात्र सुटले नाहीत हो. 1896 चं शीड शिवण्याचं चित्र बघा, ते व्हेनिसला आहे. झाडांच्या सावलीत बायका-पुरुष मिळून एक अवाढव्य शीड शिवतायत, मांडवातून ऊन गळतंय आणि शीड नदीसारखं वाहत अंगावर येतं. माणसांपेक्षा शीडच जास्त आहे चित्रात.

तैलगंध

आणि 1903 चं 'सोल दे ला तार्दे', संध्याकाळचं ऊन! तेच बैल, तीच होडी, नऊ वर्षांनंतर. सुमारे तीन मीटर बाय साडेचार मीटर, न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटी या संग्रहालयात आहे. एकच विषय त्याच माणसाने पुन्हा केला की काय बदललं ते स्वच्छ दिसतं. 1894 मध्ये तो बैलाचं शिंग, दोराचा पीळ, सगळं नीट सांगतो. 1903 मध्ये तो सांगायचं सोडून देतो, फटका रुंद झालाय, पाणी म्हणजे निळ्या आणि नारिंगी पट्ट्या, जवळून बघितलं तर काहीच ओळखू येत नाही आणि दहा पावलं मागे गेलं की बैल पाण्यातून धडपडत बाहेर येतात.

अजून एक गंमत, व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. म्हणजे सूर्य समुद्रातून उगवतो आणि जमिनीकडे मावळतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बरोबर उलटं! आपण संध्याकाळी समुद्राकडे बघितलं की होड्या काळ्या आकृत्या दिसतात, सूर्य त्यांच्या मागे असतो. तिथे संध्याकाळचा सूर्य बघणाऱ्याच्या पाठीकडून येतो आणि परतणाऱ्या होड्यांवर, शिडांवर थेट पडतो, सगळं तांबूस सोनेरी पेटतं. ही जागा त्याच्या वाट्याला आली हे नशीबच, आणि पश्चिम किनाऱ्यावर राहून मी संध्याकाळी असं शीड रंगवायला गेलो तर चुकणारच होतो, ते आत्ता लिहिताना कळतंय.

खारावारा

तैलगंध दादा, हे वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

आज दोन्ही चित्रं वडिलांना टीव्हीवर मोठी करून दाखवली. त्यांचं वय 78, चित्रबित्र त्यांना काही माहीत नाही. होडीच्या पोटातलं चित्र आधी दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मासे बघ, कोणाचं तिकडे लक्ष नाही. मी म्हटलं हो. म्हणाले, असंच होतं. एवढंच. आमच्या काकांचं त्यांना आठवलं असणार, काका दोरात हात अडकून गेले होते, मी तेव्हा दुसरीत होतो. नंतर ते बराच वेळ त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत बसले, आणि जखमी पोराकडे नाही, हे मला लक्षात राहिलं.

बैलांचं चित्र लावल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढून घेतली.

माहितीवेडा

खारावारा, वडिलांना नमस्कार सांगा.

शेवटच्या काळाबद्दल राहिलंय तेवढं लिहितो, कारण तोही मासेमारीनेच संपतो. 1909 मध्ये न्यूयॉर्कला हिस्पॅनिक सोसायटीत त्याची 350 च्या वर चित्रं लागली आणि जेमतेम महिन्याभरात जवळजवळ 1,60,000 लोक बघून गेले. ते सगळं घडवलं आर्चर हंटिंग्टन यांनी, संस्थेचे संस्थापक. 1911 मध्ये त्यांनीच सोरोयाला त्यांच्या ग्रंथालयासाठी स्पेनच्या प्रांतांची प्रचंड चित्रं करायला दिली, एकूण 14, साडेतीन मीटर उंचीची, सगळी मिळून सत्तर मीटरच्या आसपास लांब. 1912 ते 1919 तो गावोगाव फिरत तेच करत होता आणि त्यात त्याची तब्येत पार गेली.

शेवटचं चित्र केलं आयामोंते गावात, 1919. स्पेनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ग्वादियाना नदीच्या मुखाशी, नदीपलीकडे पोर्तुगाल. विषय ट्यूना. भलेमोठे मासे जमिनीवर ओढत आणलेत, पांढऱ्या कपड्यातले खलाशी, वर ताणलेलं कापड, त्याखाली जांभळी सावली आणि मागे नदीवर ऊन. 14 चित्रांतलं माझं सगळ्यात आवडतं तेच. पुढच्याच वर्षी, जून 1920 मध्ये, माद्रिदच्या स्वतःच्या घराच्या बागेत एका बाईंचं पोर्ट्रेट करत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर त्याला काम करता आलं नाही. 10 ऑगस्ट 1923 ला गेला. न्यूयॉर्कचं ते दालन 1926 मध्ये उघडलं, त्याने ते भिंतींवर लागलेलं बघितलंच नाही. माद्रिदचं घर क्लोतिल्देने सरकारला दिलं, 1932 पासून ते संग्रहालय आहे, ती बाग अजून आहे.

काळीजभर

ज्या बागेत झटका आला ती बाग त्याने स्वतः आखलेली. कारंजी, फरशा, झाडं, सगळी त्याच्या मनाने. शेवटची वर्षं ती तो नुसता बसून बघत असेल.

प्रश्नचिन्ह

आयामोंतेचं बघितलं. ट्यूनाच्या पोटावरचं ऊन! काही लिहीत नाही आता.

खारावारा

एक राहिलं होतं. त्या दिवशी बैलांचं चित्र बंद करताना वडिलांनी विचारलं, काम झाल्यावर त्या बैलांना गोड्या पाण्याने धुवत असतील ना? खाऱ्या पाण्यात रोज उभं राहायचं म्हणजे जोखडाखाली कातडी सोलपटते, खुरं खराब होतात, ते कोणीतरी बघायला हवं. मला उत्तर देता आलं नाही. पण माणसाने एवढ्या मोठ्या चित्रात आधी तेवढंच बघावं याचं मला फार वाटलं.

माहितीवेडा

बैल कोळ्यांच्या संस्थेच्या मालकीचे होते, एकेकट्याच्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी वेगळा गोठा बांधलेला होता, किनाऱ्यालगतच. 'कासा देल्स बोउस', बैलांचं घर. ती इमारत काबान्यालमध्ये अजून उभी आहे आणि दर्शनी भिंतीवर वर बैलाचं डोकं बसवलेलं आहे. वडिलांना फोटो दाखवा.